चकत्यांच्या चळतीतून वाहिलेली वीज

उत्तर इटलीतील कोमो या सरोवराकाठच्या नगरात १८ फेब्रुवारी १७४५ रोजी आलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. मुलाने वकील व्हावे, ही नातलगांची इच्छा. परंतु त्यांचा ओढा विज्ञानाकडे होता. १७७४ मध्ये त्यांनी कोमो येथे अध्यापनास आरंभ केला आणि १७७९ पासून पाविया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे अध्यासन भूषविले.

त्या काळी घर्षणातून निर्माण केलेली वीज लायडन बरणीत साठवीत. पण एका ठिणगीसरशी तो साठा संपून जाई. वस्तूत किती विद्युतभार मावतो, याचा व्होल्टा यांनी कसून अभ्यास केला आणि विद्युतभार, धारकता व विद्युतदाब यांचे नाते स्पष्ट केले.

१७९१ मध्ये बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानी यांनी एक प्रबंध प्रसिद्ध केला. दोन धातूंचा स्पर्श होताच मृत बेडकाचा पाय आखडतो, ही वीज प्राण्याच्या शरीरातलीच, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्होल्टा यांना तो आधी पटला. नंतर मात्र वीज दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून येते, असे त्यांचे मत बनले. हा वाद अनेक वर्षे चालला. नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ नाकारल्याने पद गमावलेले गॅल्व्हानी १७९८ मध्ये निवर्तले.

व्होल्टा यांनी चांदी व जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे, अशी चळत रचली. तिच्यातून वीज सलग वाहू लागली! २० मार्च १८०० रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने हा शोध कळविला. त्याच वर्षी निकल्सन व कार्लाइल यांनी या विजेने पाण्याचे विघटन केले. १८०१ मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर प्रात्यक्षिक झाले. पुढे त्याने व्होल्टा यांना सरदारकी दिली.

वादात सरशी झाली, तरी व्होल्टा यांचे स्पष्टीकरण अपुरेच ठरले. केवळ स्पर्शाने नव्हे, तर जस्ताच्या रासायनिक झिजेतून ही ऊर्जा मिळत होती. प्राण्यांच्या चेतातंतूंत वीज असते, हे गॅल्व्हानींचे म्हणणेही पुढे खरे ठरले. ५ मार्च १८२७ रोजी व्होल्टा यांचे निधन झाले. १८८१ मध्ये विद्युतदाबाच्या एककाला ‘व्होल्ट’ हे नाव मिळाले.

त्यांच्या अभ्यासाचे दोन्ही धागे आजच्या संशोधनात एकत्र आले आहेत. २००४ मध्ये मँचेस्टर येथे वेगळे केलेले ग्राफिन हे कार्बनच्या अवघ्या एका अणूच्या जाडीचे पटल आहे. त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ, गणिताने, सुमारे २,६३० चौरस मीटर भरते. म्हणजे भार साठवायला विपुल जागा. २०११ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ‘मॅक्सीन’ या पदार्थांत आयन थरांमध्ये शिरतात आणि रासायनिक क्रियेनेही ऊर्जा साठते. मात्र ही पटले एकमेकांना चिकटली, की पृष्ठभाग वाया जातो. त्यांच्यामध्ये आयनांना वाट राखणे हे आजच्या संशोधकांपुढचे आव्हान आहे. व्होल्टा यांच्या चळतीत ती वाट ओला पुठ्ठा राखीत असे.