काँदोर्सेचा कौल

बहुमत झाले की न्याय झाला, असे आपण धरून चालतो. फ्रान्समध्ये १७४३ साली जन्मलेल्या गणिती काँदोर्सेला ते पटेना. पर्याय दोनाहून अधिक असले की मते फुटतात आणि बहुतेकांना नको असलेलाही जिंकतो. म्हणून मतदाराने पसंतीचा क्रम लावावा, पर्यायांची जोडीजोडीने तुलना करावी आणि सर्वांना हरवील तो निवडावा, असे त्याने १७८५ च्या ग्रंथात सुचवले.

क्रांतीत तो हिरीरीने उतरला. पण राजाच्या देहदंडाला त्याने विरोध केला. नव्या राज्यघटनेवरील टीकेमुळे १७९३ साली अटकेचा हुकूम सुटला. पॅरिसमध्ये लपून त्याने मानवी प्रगतीवर पुस्तक लिहिले. मार्च १७९४ मध्ये तो पकडला गेला आणि दोन दिवसांत कोठडीतच वारला.

त्याची रीत मात्र उरली. ‘डेबियन’ ही स्वयंसेवकांनी घडवलेली मोफत संगणकप्रणाली. तिच्यात एक प्रोग्राम चालायला दुसरा लागतो. संगणक सुरू करून देणारा अमुकच प्रोग्राम हवा, अशी अट इतरांनी घालावी का, यावर २०१४ साली कडाक्याचा वाद झाला. सभासदांनी पसंतीक्रम लावून, काँदोर्सेच्याच रीतीने कौल दिला. जिंकला तो पर्याय असा: यासाठी सर्वांच्या ठरावाची गरजच नाही. मतभेद उरले, पण कोणाला लपावे लागले नाही.