पियासेच्नोचे रेब्बे

ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात एक नियम शेकडो वर्षे चालत आला आहे. तोरा, म्हणजे मोझेसचे पाच ग्रंथ, चोपन्न भागांत विभागलेले आहेत. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, ठरलेला भाग वाचायचा आणि वर्ष संपले की पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करायचा. आपल्या कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते बेने इस्रायल हाच शब्बाथ पाळत. पूर्व युरोपात अठराव्या शतकात हसिदी नावाचा भक्तिमार्गी पंथ उदयास आला. त्यात गुरूला रेब्बे म्हणतात. शनिवारी संध्याकाळच्या भोजनाला शिष्य जमतात आणि रेब्बे त्या आठवड्याच्या भागातून जगण्यास उपयोगी पडेल असा अर्थ काढून सांगतात.

पण समोर बसलेली माणसे उपाशी असतील, त्यांची मुलेबाळे डोळ्यांदेखत गेली असतील, तर काय सांगायचे? कालोनिमस कालमन शापिरा यांच्यावर ही वेळ आली.

त्यांचा जन्म १८८९ साली पोलंडमधील ग्रोद्झिस्क येथे रेब्बेंच्याच घराण्यात झाला. वडील फार लवकर वारले. १९०९ मध्ये ते स्वतः रेब्बे झाले व १९१३ मध्ये वॉर्साजवळच्या पियासेच्नो गावचे धर्मगुरू. १९२३ साली त्यांनी वॉर्सात ‘दाअत मोशे’ ही पाठशाळा काढली. शिक्षण हा त्यांचा खरा ध्यास होता. १९३२ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या कर्तव्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. मुलाला नुसते हुकूम देऊन काही साधत नाही, त्याने स्वतःच स्वतःचा शिक्षक झाले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. ज्याच्या घरात अभ्यास घेणारे कोणीच नसते, त्याला हा विचार वाचून किती धीर येतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

१९३७ साली पत्नी वारली. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. २५ सप्टेंबरच्या भयंकर बॉम्बवर्षावात त्यांचा एकुलता एक मुलगा जखमी झाला. दुसऱ्या दिवशी इस्पितळाबाहेर थांबलेली सून आणि मेहुणी बॉम्बने ठार झाल्या. २९ तारखेला मुलगाही गेला. ऑक्टोबरात आई गेली.

४ नोव्हेंबरच्या शनिवारी वाचनात कोणता भाग आला असेल? साराच्या मृत्यूचा! त्याआधीच्या भागात देवाच्या आज्ञेवरून अब्राहम आपल्या मुलाचा, इसहाकचा, बळी देण्यास निघतो आणि अखेरच्या क्षणी मुलगा वाचतो. लगेच पुढचा भाग त्याच्या आईच्या, साराच्या, मृत्यूने सुरू होतो. जुने भाष्यकार म्हणतात की ही वार्ता कानी पडताच तिचे प्राण गेले. प्रवचनकार सहसा अब्राहमच्या श्रद्धेची थोरवी गातात. रेब्बे सारापाशी थांबले. मोझेसने या दोन गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवल्या, असे त्यांनी सांगितले. दुःखाला माप असावे, ते मापाबाहेर गेले तर सारासारखी थोर स्त्रीही टिकत नाही आणि जी माणसे टिकतात त्यांच्यातलेही काहीतरी कायमचे मोडते, हे मोझेसला देवापुढे मांडायचे होते. यापुढेही जाऊन ते म्हणाले की साराने आपला मृत्यूच देवापुढे साक्ष म्हणून ठेवला, तोही आपल्या लोकांसाठी. लिहून ठेवलेल्या त्या मजकुरात स्वतःच्या घरच्या दुःखाचा शब्द नाही. मला ही देवाकडेच केलेली तक्रार वाटते. विठ्ठलाशी भांडणारी जनाबाई ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्साच्या ज्यू वस्तीभोवतीची भिंत बंद झाली. आत चार लाखांहून अधिक माणसे! भूक आणि टायफस यांनी रस्त्यांवर प्रेते पडू लागली. रेब्बेंची प्रवचने चालूच राहिली. ती बोलली जात यिडिश भाषेत. शब्बाथला लेखन निषिद्ध, म्हणून दिवस संपल्यावर ते आठवून हिब्रूत लिहीत. त्या पानांवर जर्मनांचे नाव जवळजवळ आढळतच नाही; त्यांचे सारे बोलणे देवाशी आणि आपल्या माणसांशी आहे. १९४२ च्या आरंभीच्या एका प्रवचनात ते सांगतात की देवही एका आतल्या, गुप्त दालनात रडत आहे. तिथवर पोहोचणारा माणूस त्याच्यासोबत रडू शकतो. शेवटचे प्रवचन १८ जुलै १९४२ चे. चारच दिवसांनी, २२ जुलैला, वस्तीतील माणसांना गाड्यांत कोंबून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यास सुरुवात झाली. दोन महिन्यांत सुमारे अडीच लाखांवर माणसे गेली. त्यांत रेब्बेंची मुलगीही होती.

जानेवारी १९४३ मध्ये त्यांनी हस्तलिखितासोबत एक पत्र लिहून ठेवले. ते ज्याला सापडेल त्याने पॅलेस्टाइनमधील आपल्या भावाकडे पोहोचवावे, अशी त्यात विनंती होती. इतिहासकार रिंगेलब्लूम यांच्या गुप्त संग्रहाबरोबर ते कागद दुधाच्या मोठ्या किटलीत घालून जमिनीत पुरले गेले. वसंतातील उठाव चिरडल्यावर रेब्बेंना त्राव्निकीच्या श्रमछावणीत नेण्यात आले. नोव्हेंबर १९४३ मध्ये तेथील ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत तेही गेले.

डिसेंबर १९५० मध्ये वॉर्साच्या ढिगाऱ्यात खोदकाम करताना त्या किटल्या हाती लागल्या. १९६० साली इस्रायलमध्ये ‘एश कोदेश’, म्हणजे पवित्र अग्नी, या नावाने पुस्तक निघाले. २०१७ च्या चिकित्सक आवृत्तीत तर त्यांनी केलेली खाडाखोड आणि मागाहून घातलेली भरही पाहायला मिळते.

त्यांतली एक भर डिसेंबर १९४१ मधील हनुक्का सणाच्या प्रवचनाखाली आहे. आपल्यासारखी दुःखे कोणावर आलीच नाहीत असे म्हणून श्रद्धा सोडू नका, असे त्या दिवशी त्यांनी लोकांना बजावले होते. जेरुसलेमचे मंदिर पडले तेव्हाही असेच भोगावे लागले होते, असा दाखला दिला होता. वर्षभराने, नोव्हेंबर १९४२ मध्ये, पाठशाळेतील मुले उरली नव्हती आणि ऐकणारेही उरले नव्हते. तेव्हा रेब्बेंनी ते पान पुन्हा काढले. मूळ मजकूर तसाच राहू दिला आणि खाली टीप लिहिली: आपण म्हटले ते काही काळापूर्वीपर्यंतच खरे होते, त्यानंतर जे घडले तसे काही आपल्या वाचनात कुठेही, कधीही आलेले नाही.