नोकरी गेली आणि सुगरण सापडली

सांगलीच्या आमराईत किंवा साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर पहाटे कॅमेरा घेऊन पक्षी टिपणारी आपली पोरं दिसली, की आम्हाला मरहूम सलीम अली आठवतात.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाणं हलाल आहे का, म्हणून पोरगा मामांकडे गेला. मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथं मिलर्डसाहेबांनी पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले.

पदवी मात्र नव्हती. बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून १९३० साली परतले, तर म्युझियममधली नोकरीच पैशाअभावी बंद झालेली! मग बेगम तहमीनांसह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथं सुगरणींची वसाहत होती. तासन्‌तास बसून नोंदी केल्या. नाव सुगरण, पण विणकाम सगळं नराचं. अर्धं घरटं झालं की मादी येऊन पाहते. पसंत पडलं तर ती राहते. नर ते पुरं करतो आणि दुसरीसाठी नवं घर बांधायला घेतो. नोकरी असती तर एवढा वेळ कुठून मिळाला असता?

१९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं, १९७६ ला पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ रोजी मुंबईत इंतिकाल झाला.

आमच्या ऊसपट्ट्यात विहिरीवरच्या बाभळीला पावसाळ्यात सुगरणीची घरटी लोंबतात. त्यात काही अर्धीच असतात, मादीला न आवडलेली.