शिकाऊ परिचारिकांच्या पाठीशी रमाबाई

रमाबाई रानडे महाराष्ट्राला माहीत आहेत त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकाच्या लेखिका म्हणून. आरोग्यसेवेतल्या त्यांच्या कामाची आठवण मात्र फारशी निघत नाही. घरंदाज हिंदू घरांतल्या स्त्रियांना, विशेषतः विधवांना, रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवणे आणि शिक्षण पुरे होईपर्यंत त्यांना सांभाळणे हे काम पुण्यात त्यांच्या सेवासदनाने केले. आज सेलू, पाथरी, जिंतूर भागातल्या मुली एएनएम किंवा जीएनएमच्या अभ्यासक्रमाला जातात. त्या वाटेवरचे काटे ज्यांनी आधी वेचले, त्यांत रमाबाईंचे नाव घ्यावे लागते.

स्वतःचे शिक्षण

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचे आडनाव कुर्लेकर. त्या काळच्या रीतीप्रमाणे माहेरी मुलींना शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्याला आल्या. पती वयाने वीस वर्षांनी मोठे आणि सुधारक विचारांचे. त्यांनी स्वतः पाटी-पेन्सिल हातात देऊन शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. टोमणे, अबोला, परधर्मीय बाईजवळ बसून इंग्रजी शिकते म्हणून सोवळ्या-ओवळ्यावरून होणारी बोलणी, हे सगळे रमाबाईंनी सोसले. उलट उत्तर न देता त्यांनी शिक्षण चालू ठेवले. घरचा विरोध असताना शिकणे किती जड जाते आणि पाठीशी एक माणूस भक्कम उभा असला तर ते कसे निभते, या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या. पुढे शिकणाऱ्या स्त्रियांशी वागताना हाच अनुभव त्यांच्या कामी आला.

परिचारिका का मिळत नव्हत्या?

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती रानडे वारले. त्यानंतर काही काळ रमाबाई घराबाहेरच पडल्या नाहीत. मग हळूहळू त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटू लागल्या, रुग्णालयातल्या आजाऱ्यांची विचारपूस करू लागल्या.

पुण्याने तेव्हा नुकताच प्लेग पाहिला होता. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी घरांच्या झडतीसाठी गोरे सैनिक आले आणि बायकांची तपासणी परक्या पुरुषांच्या हातून होईल या धास्तीने लोक आजारी माणसे लपवू लागले. तपासणीला आणि सेवेला शिकलेल्या स्त्रिया पुरेशा असत्या, तर ही धास्ती पुष्कळ कमी झाली असती.

बाळंतपणाची स्थिती तर रोजच वाईट होती. प्रसूती बहुधा घरीच, अंधाऱ्या खोलीत, न शिकलेल्या सुईणीच्या हातून होई. न धुतलेल्या हातांमुळे बाळंतिणीच्या गर्भाशयात जंतू शिरत आणि बाळंतज्वराने ती दगावे. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली की बाळाला धनुर्वात होई. डॉक्टरांनी हात नीट धुतले तर बाळंतज्वराचे मृत्यू कमी होतात, हे व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवून दिले होते. पण ती सवय घरोघरी पोचवायची तर शिकलेल्या परिचारिका आणि सुईणी हव्यात, आणि त्याच मिळत नव्हत्या.

कारणे उघड होती. परिचर्या म्हणजे कोणत्याही जातीच्या माणसाला हात लावणे, जखमा धुणे, रक्त आणि मलमूत्र साफ करणे, रात्रपाळी करणे. बाळंतिणीचा तर विटाळच. त्यामुळे या कामात बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती स्त्रियाच दिसत. दुसऱ्या बाजूला पुण्यातल्या अनेक वाड्यांत तरुण विधवा दुसऱ्याच्या अन्नावर, केशवपन केलेल्या डोक्याने, आयुष्य काढत होत्या. त्यांना ना शिक्षण, ना उत्पन्न.

सेवासदन आणि ससून

मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये सेवासदन सुरू केले. रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्या वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात त्यांच्या स्वतःच्या वाड्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यातले त्यांचे प्रमुख सहकारी. लिहिणे-वाचणे, शिवण, प्रथमोपचार असे वर्ग आधी निघाले. १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयात परिचारिका म्हणून शिकायला स्त्रिया पाठवण्याचे काम हाती घेतले गेले.

रुग्णालयात काम करता करता शिकायचे, ही पद्धत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघालेल्या शाळेने रूढ केली होती. नाडी मोजणे, ताप नोंदवणे, मलमपट्टी, जंतू मारलेली हत्यारे हाताळणे हे फळ्यावर शिकून येत नाही. अनुभवी परिचारिकेच्या नजरेखाली ते पुन्हा पुन्हा करावे लागते. ससूनमध्ये हे शिकण्याची सोय होती. अडचण होती ती दिवसाचे काम संपल्यानंतरची. शिकणारी बाई राहणार कुठे? जेवणार काय? रात्रपाळीहून परतल्यावर दार कोण उघडणार? सासरचे लोक जाब विचारायला आले तर पुढे कोण होणार?

सेवासदनाने प्रशिक्षणार्थींसाठी वसतिगृह चालवले. खाण्यापिण्याची आणि रीतिरिवाजांची काळजी घेतली, म्हणजे घरच्यांना नकाराचे निमित्त उरू नये. ज्यांना अक्षरओळखही कमी होती त्यांची आधी शाळेची तयारी करून घेतली. परिचारिका, सुईणी आणि सब-असिस्टंट सर्जन असे वेगवेगळे शिक्षण स्त्रियांना यातून मिळू लागले. रमाबाई स्वतः मुलींच्या घरच्यांना भेटत, समजूत घालत. रानड्यांच्या पत्नीने शब्द दिला आहे, एवढ्यावरही काही घरे तयार होत.

तरी समाजाची नजर लगेच बदलली नाही. सेवासदनाच्या एका बक्षीस समारंभात परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली. केशवपन केलेले डोके, विधवेचा जुना वेष. तिला पाहून प्रेक्षकांतल्या महाविद्यालयीन तरुणांनी हुर्यो उडवली. समारंभाच्या शेवटी रमाबाई उभ्या राहिल्या. एरवी मृदू बोलणाऱ्या रमाबाईंनी त्या दिवशी त्या तरुणांना खडसावले. दैवाने जिच्यावर घाव घातला आणि तरीही जी आजाऱ्यांची सेवा शिकते आहे, तिची टिंगल करणाऱ्यांना सुशिक्षित कसे म्हणायचे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभा शांत झाली.

पुढच्या वर्षांत रमाबाईंनी पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही झटून काम केले. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. सेवासदनाचे काम त्यांच्यामागेही चालू राहिले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आजच्या शिकाऊ मुली

आज शिकण्याची साधने रमाबाईंच्या काळाहून कितीतरी पुढे गेली आहेत. कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यावर प्रसूतीचा आणि छाती दाबून हृदय चालू करण्याचा सराव करता येतो. शीर कशी शोधावी याचा व्हिडिओ मोबाइलवर दहा वेळा पाहता येतो. २०२० मध्ये कोविडच्या साथीत ‘आयगॉट दीक्षा’ या सरकारी मंचावरून आरोग्य कर्मचाऱ्यांना घरबसल्या प्रशिक्षण मिळाले. एएनएमसाठी ‘अनमोल’ हे अॅप आले आणि वहीतल्या नोंदी टॅबलेटवर आल्या. तालुक्याच्या गावातल्या मुलीला मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाचे व्याख्यान ऐकायला मिळते, हा फायदा लहान नाही.

पण व्हिडिओ पाहणारीचा हात थरथरला तर तो सावरायला शेजारी अनुभवी सिस्टरच लागते. कामाच्या नोंदी अॅपमध्ये भरल्या तरी ते काम बरोबर झाले का, हे रुग्णाजवळ उभे राहूनच कळते. आणि रात्रपाळीहून परतताना सुरक्षित वाट, जवळचे वसतिगृह, वेळेवर जेवण हे प्रश्न कोणताही मोबाइल सोडवत नाही. मुलीला नर्सिंगला घालताना पालक फी आणि नोकरीची चौकशी करतात. त्याबरोबर आणखी काही विचारावे. प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात मिळणार? तिथे पुरेसे रुग्ण येतात का? वॉर्डात शिकवायला कोण असते? रात्री मुली कुठे राहतात?

रुग्णांच्या नातेवाइकांकडेही एक काम आहे. सरकारी रुग्णालयात शिकाऊ परिचारिका रक्तदाब मोजायला आली की अनेकदा तिला झिडकारले जाते, मोठ्या सिस्टरला बोलवा म्हणून सांगितले जाते. वरिष्ठ परिचारिका देखरेखीला असेल, तर या मुलीला तिचे काम करू द्यावे आणि तिच्याशी नीट बोलावे. उद्या आपल्याच गावच्या उपकेंद्रात, मध्यरात्री, एखाद्या बाळंतिणीजवळ तीच उभी असणार आहे.