कै. अवंतिकाबाई गोखले : एक सेवाव्रती नगरसेविका

स्वप्रांतापासून दूर राहणाऱ्या आपणां मंडळींच्या मनात एक प्रश्न अधूनमधून डोकावतो. जेथे आपली भाषा नाही, आप्त नाहीत, तेथे आपण कोणाच्या काय उपयोगी पडणार? अशा वेळी मला कै. अवंतिकाबाई गोखले यांचे चरित्र आठवते.

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ साली इंदूर येथे झाला. नवव्या वर्षी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पती बबनराव गोखले व्यवसायाने अभियंते होते. त्यांच्या आग्रहामुळे त्या शिकल्या आणि पुढे परिचर्येचे व सुईणीचे शिक्षणही त्यांनी घेतले. ही विद्या त्यांना जन्मभर पुरली.

१९१७ साली गांधीजींनी बिहारमधील चंपारण्यात शाळा उघडल्या. त्यांपैकी बडहरवा लखनसेन येथील शाळेसाठी गोखले दांपत्य मुंबईहून गेले. बाईंना हिंदी बोलण्याचा सराव नव्हता. परंतु पुस्तकी पाठांपेक्षा मुलांना स्वच्छता आणि चांगले वळण लावणे हे तेथील मुख्य काम होते. त्यासाठी भाषेहून माया अधिक उपयोगी पडली. त्यांची शाळा नावारूपास आली. १९१८ साली त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. त्यास लोकमान्य टिळकांची प्रस्तावना लाभली. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी हिंद महिला समाज स्थापन केला.

त्या काळी मुंबईच्या चाळींतून एकेका खोलीत अनेक माणसे राहत. बाळंतपणेही तेथेच होत. १९२१ सालच्या नोंदींप्रमाणे शहरात जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी साडेसहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. गावी जन्मून शहरात आलेल्या मुलांमुळे हा आकडा काहीसा फुगला होता हे खरे. तरीही परिस्थिती भीषणच होती. १९२२ च्या सुधारणेनंतर दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यांनाही मताधिकार मिळाला. १९२३ साली मुंबई महापालिकेत प्रथमच ज्या स्त्रिया निवडून आल्या, त्यांत सरोजिनी नायडू यांच्यासह अवंतिकाबाईही होत्या. तेथे त्यांनी स्त्रियांच्या व बालकांच्या आरोग्याचे आणि शिक्षणाचे प्रश्न लावून धरले. बाळंतिणीच्या उशाशी बसलेली बाई नगरसभेत बोलू लागली, हेच त्यांचे खरे सामर्थ्य होय. कागदावरील आकड्यांमागचे चेहरे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. आम्हां कचेरीत फायली हाताळणाऱ्यांनी हे विशेषेकरून ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

१९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी कारावास पत्करला. स्वतः कातलेल्या सुताचे धोतर गांधीजींना त्यांच्या वाढदिवशी देण्याचा नेम त्यांनी निष्ठेने पाळला. १९४९ साली त्या निवर्तल्या.

इंदूरची ही लेक बिहारच्या खेड्यात परकी राहिली नाही आणि मुंबईच्या नगरसभेतही बुजली नाही. प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. आपण राहतो त्या गल्लीतील आजारी माता आणि शाळेबाहेरचे मूल यांची विचारपूस करण्यास कोणत्याच प्रांताची भाषा आड येत नाही.