दहा शिलिंगांत विकला गेलेला सिंह

कलावंताचे तोंडभर कौतुक करायचे आणि त्याच्या घामाचा पैसा मात्र दुसऱ्याने खिशात घालायचा, ही रीत केवळ आपल्याच देशातली नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा यांचे आयुष्य हा तिचा जळजळीत पुरावा आहे.

लिंडा यांचा जन्म १९०९ साली नाताळ प्रांतातील म्सिंगा भागात झाला. बालपण गुरे राखण्यात गेले. पुढे पोटासाठी त्यांनी जोहान्सबर्ग गाठले. फर्निचरच्या दुकानात, नंतर हॉटेलात मजुरी केली. दिवसभर राबायचे आणि सवड मिळाली की ‘इव्हिनिंग बर्ड्स’ या आपल्या गायन पार्टीसह गायचे, असा त्यांचा क्रम होता. १९३९ साली गॅलो कंपनीच्या स्टुडिओत त्यांनी ‘मबुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. मबुबे म्हणजे सिंह. आफ्रिकेत त्याच्या सुमारे एक लाख तबकड्या खपल्या. लिंडा यांच्या हाती पडले दहा शिलिंग, म्हणजे अवघा अर्धा पौंड! त्यातच गाण्याचे हक्कही गेले. ज्या कंपनीला त्यांनी हे धन दिले, तिच्याच गोदामात ते हलकी कामे करीत राहिले.

ही तबकडी अमेरिकेत पोहोचली. पीट सीगर यांच्या ‘द वीव्हर्स’ने १९५०च्या दशकाच्या आरंभी ‘विमोवे’ या नावाने ते गाणे गाजवले. कर्ता म्हणून नाव लागले पॉल कॅम्पबेल यांचे, आणि या नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता! सीगर यांनी लिंडा यांना हजार डॉलर पाठवले, ही त्यांची माणुसकी. पण एकदाचे दान म्हणजे कायमचा हक्क नव्हे. १९६१ साली नव्या इंग्रजी शब्दांसह ‘द टोकन्स’ने तीच चाल गायिली आणि ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, मूत्रपिंडाच्या विकाराने लिंडा गेले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसायला अठरा वर्षे लागली. विधवा पत्नीकडे त्यासाठी पैसाच नव्हता. पुढे तिच्याकडून आणि मुलींकडूनही हक्क सोडल्याच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या.

१९९४ साली डिस्नेच्या ‘द लायन किंग’मध्ये हे गाणे आले. २००० साली पत्रकार रियान मलान यांनी ही लूट उघड केली. त्यानंतर वकिलांनी ब्रिटिश साम्राज्याचा १९११ चा कॉपीराइट कायदा धुंडाळला. कर्त्याने हयातीत विकलेले हक्क त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी वारसांकडे परत येतात, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे १९८७ पासून हक्क लिंडा यांच्या मुलींचे होते. २००४ साली डिस्नेविरुद्ध दावा दाखल झाला, २००६ साली तडजोड झाली आणि मुलींना त्यांचा वाटा मिळाला. ज्या साम्राज्याने लुटले, त्याच्याच कायद्याच्या पुस्तकात न्यायाची वाट सापडली!

आंबेडकरी चळवळीने यातून काय घ्यायचे? बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत पोहोचवला तो आपल्या शाहिरांनी, गायन पार्ट्यांनी. त्या गाण्यांवर कॅसेटचा धंदा उभा राहिला. पण गाणे लिहिणाऱ्याच्या घरात काय गेले, हा प्रश्न आपण कितीदा विचारला? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्काची मुदत २०६४ अखेरपर्यंत आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कोणालाही देता येत नाही.

कायदा आहे, पण तो कपाटात बंद आहे. जयंतीला शाहिराच्या गळ्यात हार घालणे सोपे आहे. त्याच्या वहीतली गाणी तारखेनिशी नोंदवणे, करार वकिलाकडून वाचून घेणे, वारसांना त्यांचा हक्क समजावून सांगणे, हे खरे काम आहे. चळवळीत शिकलेले वकील आज कमी नाहीत. त्यांनी आपल्या भागातल्या एका शाहिराचे घर गाठावे. लिंडा यांच्या लेकींना चाळीसहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. आपल्या शाहिरांच्या लेकरांवर ती वेळ येऊ नये.