डॉ. एडमंड केल्स : दातांच्या एक्स-रेचे प्रवर्तक

एक्स-रेचा शोध १८९५ मध्ये लागला. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य डॉ. एडमंड केल्स (१८५६-१९२८) यांनी पुढच्याच वर्षी तो दातांसाठी वापरायला सुरुवात केली. किरणांचा जोर नीट आहे का, हे पाहायला ते स्वतःचाच हात नळीसमोर धरत. हाताला कर्करोग झाला. एकामागून एक शस्त्रक्रियांत आधी बोटे गेली, मग हात. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

रुग्णांसाठी त्यांचे दुसरे काम मला जास्त मोलाचे वाटते. तेव्हा संधिवातासारख्या अनेक दुखण्यांचे मूळ दातांतल्या जंतुसंसर्गात आहे असे समजून डॉक्टर (म्हणजे आमचीच मंडळी) सरसकट दात काढायला सांगत. फिल्मवर सावली दिसली एवढ्यावरून चांगला दात काढू नका, डॉक्टरांनी सांगितले तरी आधी स्वतः तपासा, असे केल्स दंतवैद्यांना बजावत राहिले.

आजच्या दातांच्या एक्स-रेत किरणांचे प्रमाण फार कमी असते, त्यामुळे गरज असेल तर घाबरून टाळू नका. मात्र आधी तोंड तपासून घ्या, जुने एक्स-रे सोबत न्या आणि या फोटोमुळे उपचारात काय बदलेल, ते विचारा. गरोदर असाल तर आधीच सांगा.